बंदूकबंदी आणि माझी चप्पल

२६ जानेवारी, दुपारी
झेंडावंदन उत्तम. सरपंच म्हणून माझं भाषण ऐन रंगात आलेलं, तेवढ्यात शाळेमागच्या वावरात नवल आप्पाने धाडकन बार काढला. डुकरं हाकलायला म्हणे. गावात बंदूक एकच, आणि ती नेमकी माझ्या या चुलतभावाकडे. मी टेबलाखाली गेलो ते चप्पल शोधायला. घाबरलो वगैरे अजिबात नाही. पोरं उगाच दात काढत होती.
बस झालं. गाव बंदूकमुक्त करणार.

२७ जानेवारी
लोकांना सांगायचं कारण: सार्वजनिक सुरक्षा. बायकोला, दीपमालाला, प्लॅन सांगितला. तिने विचारलं, मंग आपली पपई कोन राखी? आप्पाचं वावर आपल्या बांधाला लागून, त्याच्या बारामुळे आपल्याकडचीही डुकरं पळतात म्हणे. हिला पॉलिसी लेव्हलचं काही कळत नाही.

३१ जानेवारी
विशेष ग्रामसभा. ठराव: गावाच्या हद्दीत बंदूक ठेवणे, उडवणे, तसेच कोणताही फटाका वाजवणे बंद. फटाके मी ऐनवेळी घातले, ठराव जरा भरीव दिसावा म्हणून. अनुमोदन द्यायला खुद्द आप्पा उठला! गावना ठराव शे, मी कसा मोडू, म्हणाला. टरकला बिचारा. ग्रामसेविका रुपाताई कानाशी पुटपुटत होत्या, बंदुकीचं आपल्या हातात नाही वगैरे. मी म्हटलं, ताई, ग्रामसभेच्या वर कोणी नाही.

३ फेब्रुवारी
वेशीवर बोर्ड. "बंदूकबंदी गाव. हुकुमावरून." फोटो झकास. दीपमाला म्हणे, डुकरेसले वाचता येस का?

५ फेब्रुवारी, शहादा
ठाण्यात जाऊन बंदूक जप्त करा म्हणून सांगितलं. साहेब म्हणाले, कायदा दिल्लीचा, परवाना कलेक्टरचा. ग्रामपंचायतीला त्यात बंदीही घालता येत नाही आणि सूटही देता येत नाही. चहा मात्र पाजला. म्हणजे आतून ते माझ्याच बाजूने आहेत.

८ फेब्रुवारी, सकाळी
पपईच्या दोन ओळी आडव्या. सगळीकडे खुरं. व्यापाऱ्याची गाडी येत्या आठवड्यात. बांधावर बसून रडलो, खरंच रडलो. वर्षभर लेकरासारखं पाणी पाजलंय. आप्पाला सांगितलं, खास बाब म्हणून एक बार काढ. तो ठरावावर ठाम. डांबरट! माझा ठराव माझ्यापेक्षा जास्त पाळतो.

११ फेब्रुवारी
पंचायत समितीचं पत्र. ठरावातला बंदुकीचा भाग अधिकाराबाहेरचा, सबब रद्द. आनंदाने उडीच मारली. म्हणजे, तत्त्वतः निषेध. पत्र घेऊन आप्पाकडे पळालो. त्याने चष्मा लावून सावकाश वाचलं, मग आतून परवाना आणून दाखवला. पीकसंरक्षणाचा, तोही फक्त त्याच्या शेताच्या गट नंबरपुरता. बंदूक मन्ही, परवाना मन्हा वावरना, म्हणे. आणि त्याचा माल तर कालच गाडीत चढलाय, त्याला बार काढायची गरजच नाही.
इतकी वर्षं कुठे होता हा कायदा?
दुपारी नवा ठराव डोक्यात आला: आप्पाने रोज बार काढणे सक्तीचे. रुपाताईंनी रजिस्टर पोटाशी धरलं ते सोडलंच नाही.

१३ फेब्रुवारी
सुतळी बॉम्ब आणले. रुपाताईंनी अडवलं. बंदुकीचं रद्द झालं, फटाक्यांचं नाही. फटाके गावाच्या अखत्यारीत येतात म्हणे. थोडक्यात, माझ्या ठरावातला तेवढाच तुकडा जिवंत आहे आणि तो माझ्याच उरावर बसलाय. हरकत नाही. सरपंच स्वतःला परवानगी देऊ शकतो. दिली. तोंडी.

१४ फेब्रुवारी, संध्याकाळी
वात पेटवली. बांधावर आप्पा, रुपाताई, दीपमाला, निम्मं गाव. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा. डुकरं पळाली, नक्की पळाली, पण सरळ उरलेल्या पपईतून, फळं तुडवत. मी तेव्हा बैलगाडीखाली होतो. या वेळी कोणी हसलं नाही. तेच जास्त लागलं.
चप्पल शोधत होतो, असं सांगितलं. दीपमालाने वाकून बघितलं आणि हळूच म्हणाली, दोन्ही तुमनाच पायमा शेतस.