तांबडीचे पहिले ऑइल

६ जानेवारी

चि. पानाबाई हिस,

काकाचे अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तुझे पत्र पोचले. नव्या रिंगा आणि नवे पिस्टन घालून तांबडीचे इंजिन पुन्हा गाडीत बसले, हे वाचून फार बरे वाटले. दादा गेल्यापासून त्या गाडीवरची ताडपत्री कुणी हलवली नव्हती. खेळणी सोडून पाना हातात घेऊन बापामागे गाडीखाली शिरणारी मुलगी ती गाडी गंजू देणार नाही, याची मला खात्री होती. तुझे नाव आम्ही उगाच ठेवले नव्हते.

वहिनींची अट कळली. त्या लहान घरात जाणार, तिथे गाडीला जागा नाही. तेव्हा मार्चमधल्या डोंगरचढणीच्या शर्यतीत तांबडी माथ्यावर पोचली तर ती तुझी, मग तिच्यासाठी कुठेही जागा शोध. नाही पोचली तर जुन्या गाड्या जमवणारे ते गृहस्थ तिला आपल्या दालनात नेऊन उभी करतील. मायलेकींनी एकमेकींना शब्द दिला आहे, त्यात मी पडत नाही.

ऑइलच्या बाबतीत मात्र पडतो. मिस्त्रींनी साधे ऑइल भरून दिले, असे तू लिहितेस. ते काढून टाक. साधे ऑइल म्हणजे कच्चे तेल गाळून केलेले. त्याचे रेणू लहानमोठे, जमेल तसे. सिंथेटिकचे रेणू ठरवून, एका मापाचे घडवलेले असतात. इंजिन कितीही तापले तरी ते दम सोडत नाही आणि थंड इंजिनातही चटकन वरपर्यंत पोचते. शर्यतीच्या गाडीला दुसरे काही घालणे म्हणजे धावणाऱ्याला लाकडी खडावा देणे. हल्लीच्या वेगवान गाड्या तर कारखान्यातूनच सिंथेटिक घालून बाहेर पडतात. बस कंपनीचे भांडार सांभाळताना ऑइलची प्रमाणपत्रे माझ्या हाताखालून रोज जातात. दादाला हे सगळे मी वर्षानुवर्षे लिहीत आलो, आणि जमाखर्चवाल्याने तेलात बोट बुडवू नये, असे त्याचे उत्तर उलट टपाली येत असे.

मी त्याला भेट दिलेला सिंथेटिकचा डबा तुमच्या गॅरेजमध्ये वरच्या फळीवर असेल. दर खेपेला मी तो उचलून पाहत असे. तसाच जड, सील शाबूत. तांबडीत चांगले ऑइल पडेल त्या दिवशीच तिच्यात बसेन, असे मी दादाला ऐकवले होते. त्यामुळे मी त्या गाडीत कधी बसलोच नाही. आता तो वाद घालायला दादा नाही, पण बरोबर ते बरोबरच. ताजे डबे पाठवत आहे. भर, आणि गाडी अगदी हळुवार चालव. नव्या इंजिनाला ताण देऊ नकोस.

वहिनींना नमस्कार. तुझ्यावरचा लोभ तू जाणतेसच.

तुझा काका

---

१७ जानेवारी

ती. काकांस,

पानाचा शि. सा. न. वि. वि.

डबे पोचले. तुम्ही खोक्यात इतका भुसा भरला होता की वाटलं, काचेची भांडी आहेत. त्याच दिवशी साधं ऑइल काढलं आणि तुमचं भरलं. मिस्त्री डोकं खाजवत म्हणाले की साहेब आपल्या वर्कशॉपच्या बाकावर कायम साधंच भरून न्यायचे, पण काका शिकलेले आहेत, कागद वाचून सांगतायत, तर मी जुना माणूस काय बोलू. मला वाटलं, हा बाबांचा नेहमीचा हट्ट, दुसरं काय. आईला विचारलं. ती हसली, घाल बिनधास्त म्हणाली, आणि पुन्हा खोकी बांधायला लागली. का हसली ते सांगितलं नाही.

खरं सांगू? हे नको, ते घाल, असं ठामपणे सांगणारं कुणीतरी आहे, याचंच बरं वाटलं. बाबा गेल्यापासून सगळे मला तुझं तू ठरव म्हणतात.

गाडी तुम्ही सांगितलं तशीच चालवते, बाजूच्या सीटवर अंड्यांची टोपली ठेवल्यासारखी. मागचे रिक्षावाले भोंगे वाजवून जीव खातात. एकाने तर विचारलं की ताई, गाडीला बरं नाही का.

तुम्ही शर्यतीला याल ना? यायचंच आहे. ऑइल पडलंय, आता बसायला काही हरकत नाही तुमची.

माया पातळ होऊ देऊ नका, ऑइलसारखी.

तुमची पाना

---

२१ फेब्रुवारी

ती. काकांस,

शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय. तांबडी ऑइल पितेय. ऑइल मोजायच्या दांडीवरची पातळी दर फेरीनंतर खाली गेलेली असते आणि खाली जमिनीवर मात्र एक थेंब नाही. चढावर जोर दिला की मागून निळा धूर येतो. काल चौकात माझ्यामागचा स्कूटरवाला खोकत खोकत बाजूला झाला.

मिस्त्री म्हणतात, एकदा उघडून बघू. उघडलं तर शर्यतीआधी परत बसवून होणार नाही. काय करू?

पाना

---

२६ फेब्रुवारी

चि. पानाबाई हिस,

अ. उ. आ.

घाबरू नकोस. नवे इंजिन सुरुवातीला थोडे ऑइल खाते, हे मी एकाहून अधिक ठिकाणी वाचले आहे. पातळी राखत जा. आणखी डबे पाठवत आहे. ऑइलच्या दर्जाबद्दल शंका नको. त्या खेपेचे प्रमाणपत्र मी स्वतः पुन्हा तपासले. शर्यत तोंडावर असताना इंजिन उघडणे मला पसंत नाही.

एक वाईट बातमी. मार्च म्हणजे आमच्याकडे भांडारातल्या साठ्याची मोजणी, आणि प्रमुखालाच जागा सोडता येत नाही. मला यायला जमणार नाही. रुसू नकोस. माथ्यावरून उतरलीस की आधी मला कळव, मग इतरांना.

काका

---

१५ मार्च

प्रिय भावजींस,

सप्रेम नमस्कार.

पानाच्या आधी मीच लिहिते आहे, कारण ती लिहीत नाही.

तांबडी माथ्यावर पोचली नाही. सुरुवात सुरेख झाली. पहिल्या वळणावर माझ्या शेजारची माणसं उठून उभी राहिली. दुसऱ्या वळणानंतर गाडीमागे इतका निळा धूर झाला की गाडीच दिसेना. मग आवाज अडखळत आला, जसं एखादं माणूस जिना चढताना थांबतं, आणि थांबलाच. प्लग ऑइलने माखले होते, असं नंतर मिस्त्रींनी सांगितलं. पाना हेल्मेट काखेत धरून वळणावरून चालत खाली आली. रडली नाही. येऊन मला म्हणाली की त्या गृहस्थांना फोन कर.

भावजी, मी तिला म्हटलं की अट माझी आहे, मी मोडते. पुढच्या वर्षी पुन्हा बघू. ऐकत नाही. शब्द म्हणजे शब्द म्हणते. अगदी ह्यांच्यासारखी मान ताठ करून बसते, आणि समोर बोलायची माझी सोय राहत नाही. मला घर लहान करायचं होतं हो, तिचं मन नाही. पुढच्या महिन्याअखेर गाडी न्यायला माणसं येतील.

तुमच्याकडून आता आणखी प्रमाणपत्रं नकोत. रागाने लिहीत नाही. मोजणी संपली की तुम्ही स्वतः या.

तुमची वहिनी

---

२४ मार्च

ती. काकांस,

शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. रागावले नव्हते, आधी सगळं समजून घ्यायचं होतं.

इंजिन उघडलं. सिलिंडरच्या भिंतीवर मिस्त्रींनी मुद्दाम पाडलेले बारीक तिरपे ओरखडे असतात. पिस्टनभोवतीच्या नव्या रिंगांनी सुरुवातीला त्या ओरखड्यांवर घासायचं असतं, जोर खायचा असतो, तेव्हा कुठे त्या आपली जागा धरतात. आमच्या भिंती आरशासारख्या गुळगुळीत झाल्यात. तोंड दिसतं त्यात. नव्या रिंगांसाठी ऑइल फार निसरडं पडलं आणि वर मी अंड्यांची टोपली नेत होते. घासायला हवं तेव्हा आम्ही त्यांना घासूच दिलं नाही, म्हणून ऑइल त्यांच्या कडेने वर जाऊन जळत राहिलं. कारखान्यातून सिंथेटिक घालून निघणाऱ्या गाड्यांचे सिलिंडर आधीच फार नाजूक घासलेले असतात, त्यांना चालतं. तुम्ही वाचलं ते खोटं नव्हतं, फक्त ते तांबडीबद्दल नव्हतं.

आता पुढचं नीट बसून वाचा.

काल गॅरेज आवरताना वरच्या फळीवरचा तुमचा डबा उतरवला. सील शाबूत, जड. खाली ठेवताना मागच्या बाजूने भुरभुर वाळू सांडली. तळाशी कथलाचा डाग देऊन बुजवलेलं एक भोक होतं, तो डाग सुटला होता. मी डबा तसाच उचलून आईसमोर नेला. ती खुर्चीत बसली आणि हसता हसता रडायला लागली.

काका, बाबांनी तुमचं ऑइल केव्हाच वापरलं होतं. तुम्ही डबा दिलात त्याच्या पुढच्याच मोसमात. सील मोडू नये म्हणून मागून भोक पाडून ऑइल काढलं आणि वजन राहावं म्हणून आत वाळू भरली. नरसाळं आईने धरलं होतं. तांबडी त्यावर इतकी मोकळी पळाली म्हणे, की बाबांनी घरी येऊन डब्यावरचं नाव लिहून घेतलं. त्यानंतर तेच आणून घालायचे. आई म्हणायची की आता भावजींना सांगा. त्यावर बाबा म्हणायचे की सांगितलं तर तो जिंकेल, आणि एकदा जिंकला की लिहायचा थांबेल. पुढच्या खेपेला सांगतो म्हणायचे. दर खेपेला तुम्ही डबा उचलून जागेवर ठेवायचात आणि ते दाराआड तोंडावर फडकं धरून उभे असायचे.

म्हणून तुमचे डबे आले तेव्हा आई हसली होती. तिला वाटलं, हे तेच तर घालायचे. इंजिन नवं केलं की आधी साधं, रिंगा बसल्या की मग सिंथेटिक, हे तिला ठाऊक नव्हतं. मिस्त्रींना त्यांच्या बाकावरचं साधं ठाऊक होतं, घरी नंतर काय पडतं ते नाही. मी बाबांना साधं भरून आणताना लहानपणापासून पाहिलंय, पण तो मला त्यांचा हट्ट वाटला. आणि तुम्हाला वाटायचं की दादाने शेवटपर्यंत ऐकलं नाही. प्रत्येकाच्या हातात एकेक तुकडा होता, आणि बाबांनी गंमत म्हणून ते कुणाला जोडूच दिले नाहीत.

तुम्ही चुकलात असं लिहायला बसले होते. आता कुणाला काय म्हणू?

आमच्याकडे आहात तसेच राहा, एवढंच.

तुमची पाना

---

३ एप्रिल

चि. पानाबाई हिस,

काकाचे आशीर्वाद. मागच्या पत्राखाली घाईत नुसते ‘काका’ एवढेच लिहिले. आज शब्द जुळवायला वेळ लागतो आहे, तो समजून घे.

तुझे पत्र कार्यालयात वाचले आणि टेबलाच्या खणात ठेवले. पुन्हा काढून वाचले. मग हाताखालच्यांना सांगून बाहेर आलो आणि आगाराच्या भिंतीशी उभा राहिलो. समोर एका बसचे ऑइल बदलत होते. मी ते रोज पाहतो.

मी दादाचा डबा उचलत असे, तेव्हा मला राग येत असे. त्या रागात मी निरोप न घेता निघालो आहे, जेवायला थांबलो नाही, एकदा तर त्याच्या एका पत्राला मुद्दाम उत्तर दिले नाही. त्यावर त्याने स्वतःहून दुसरे पाठवले, त्यात फक्त एका नव्या साध्या ऑइलची स्तुती होती. आता कळते की ती खोटी होती आणि कशासाठी होती. मला जिंकायचे नव्हते गं. म्हणजे, हवे होते. पण जिंकून मी लिहायचे थांबलो असतो, हे त्याने ओळखले आणि मी ओळखले नाही. तो गेल्यावर मात्र त्या वादाची शेवटची बाजू मी तुझ्या गाडीत ओतली. मला उत्तर देणारे कुणी नव्हते आणि तू माझे ऐकणारी. दादा असता तर त्याने माझे पत्र वाचून शिव्या दिल्या असत्या, आणि तांबडी माथ्यावर पोचली असती.

इतकी वर्षे मी तिच्यात बसू शकलो असतो. हेच सारखे मनात येते. अट केव्हाच पुरी झाली होती, आणि मी फाटकाशी उभा राहून दादाला हात करीत होतो.

तू शब्द फिरवणार नाहीस, हे वहिनींनी लिहिले. मी तुला फिरव म्हणणार नाही. पण तांबडी त्या दालनात तशी जाऊ नये. मिस्त्रींना नवे ओरखडे पाडून, नव्या रिंगा घालायला सांग. त्यांच्याशी माझे बोलणे झाले आहे. त्यांनीच त्यांच्या पद्धतीचे साधे ऑइल भरावे. मी रजा घेतली आहे, मोजणी संपली आहे, मी येतो. गाडी तू चालव, चढावर हवा तेवढा जोर दे, मी एका शब्दाने हळू म्हणणार नाही. रिंगा बसल्या की ते ऑइल काढू आणि दादा नंतर जे घालत असे ते भरू. नरसाळे वहिनींनी धरावे. मग ती माणसे येऊन तिला नेऊ देत. त्या दालनात ती उभीच राहणार आहे, हे मला माहीत आहे. तरीही.

डबा टाकू नकोस. भोक पुन्हा बुजव आणि वाळू आत राहू दे. तो मी घेऊन जाईन.

वहिनींना नमस्कार सांग, आणि प्रमाणपत्र आणणार नाही असेही सांग.

तुझा माझ्यावरचा लोभ कमी झाला असेल तर तो मी येऊन पाहीन. राहिला असेल तर जपून ठेव. आणि एक लहानसे काम. तांबडीचे डावे दार बाहेरून ओढून उघडते की आतून, मला ठाऊक नाही. येण्याआधी तेवढे कळव.

तुझा काका