हळदीतला सम्राट

आई, तुझं, माझं आणि या घरातल्या प्रत्येक बाईचं गाऱ्हाणं एकच आहे: चांदी बाईची, पण ती मोडायची की ठेवायची हे पुरुष ठरवणार. तुझे तोडे गेले, वाळे गेले. उरला तो देव्हाऱ्यातला टाक. कापूस वेचताना शेतात सापडलेली ती चेहऱ्याची चांदी तू खंडोबा समजून पुजायचीस.

अजून आठवतं: कॉलेजातून पुस्तकं वाचून आलेली मी देव्हाऱ्यासमोर उभी आहे, आवाज चढलेला आहे. "आई, हा खंडोबा नाही. हे रोमचं नाणं आहे. डोक्यावर पानांची माळ घातलेला हा तिथला सम्राट. मेलेल्या बापाला देव ठरवून स्वतः देवाचा मुलगा झाला आणि तेच नाण्यावर छापलं. याला हळद लावतेस?" तू नाणं उलटं केलंस. मागे फांदी धरून बसलेली बाई.

"ही कोन?"

"त्याची आई असावी म्हणतात."

"मंग हिला लावते. हिला कुनी इचारलं आसंल का, पोराला देव करू म्हनून?"

ते तुझ्यामाझ्यातच राहिलं, तू गेलीस तरी. आज सकाळी भावाने तो टाक झरीच्या सोनाराकडे नेला, तुझ्या नातीच्या जोडव्यांत घालायला. कळलं तशी मी धावले. मूस लाल झाली होती. "आईचा आहे, मोडू नकोस," मी म्हणाले.

भाऊ हसला. "ताई, हितं माईक न्हाई. देव झूट हाय म्हनून तूच गावोगाव सांगत फिरतीस ना? आन् याचं तर तोंड बी झिजलंय."

सोनाराने नाणं चिमट्यात धरलं. "टाकू का, मालक?"

सम्राट वितळून शेतकऱ्याच्या लेकीच्या पायात जातोय, यावर सभेत मी टाळ्या घेतल्या असत्या. पण त्या बसलेल्या बाईच्या मांडीवर तुझी हळद अजून पिवळी होती. मी ओरडले, "देव हाय त्यो! देव मुशीत घालता?"

चिमटा थांबला. सोनाराने नाणं कपाळाला लावून माझ्या हातात दिलं. भावाने गुपचूप पायातली चप्पल काढली.

नाणं आता माझ्यासमोर आहे, बाईची बाजू वर. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, आणि कुठल्या व्यासपीठावरून हे मी सांगणारही नाही. जन्मभर जे खोटं म्हणून हाणून पाडलं, तेच आज बोलले, आणि मला त्याची लाज वाटत नाही. आई, तू एवढंच कर. भावाच्या स्वप्नात गेलीस, तर टाकावरचा तो राजा होता हे त्याला सांगू नकोस.