मेलेल्या बियाण्याचा भात

आये, आज भिजवलेले भाताचे दाणे उभे चिरून एका बिनरंगी पाण्यात ठेवले होते. माझं कामच ते आहे, बियाणं जिवंत की मेलेलं हे सांगायचं. दुपारपर्यंत जिवंत दाण्यांतले कोंब लाल झाले, मेलेले पांढरेच राहिले. तू असतीस तर पहिलं हेच विचारलं असतंस, लाल करतं कोण?

कोंबात डिहायड्रोजनेज नावाची विकरं असतात. दाण्यातल्या अन्नाचा हायड्रोजन ती काढून घेतात आणि दुसऱ्याच्या हाती देतात. तसा हातोहात जात तो शेवटी हवेतल्या ऑक्सिजनला मिळतो, आणि या देवघेवीतून कोंबाला जगायचं बळ येतं. विकर स्वतः संपत नाही. पंगतीत वाढणाऱ्या बाईसारखं एकीकडून घ्यायचं, दुसरीकडे वाढायचं, पुन्हा हात रिकामे. आमचं पाणी मध्येच हात पसरतं, तो हायड्रोजन घेतं आणि लाल होतं. पण दाणा फार तापला की ही विकरं उकडलेल्या अंड्यासारखी थिजतात. मग दाणा वरून कितीही धड दिसो, आत घेणारंही कोणी नसतं आणि देणारंही.

आपला मुडा असाच तापला होता. जव्हारला तेव्हा संस्थानचं राज्य, आपण साखरशेत गावात, आणि ताईचं लग्न. पेंढ्यात बांधलेला बियाण्याच्या भाताचा मुडा नेहमीसारखा चुलीवरच्या माळ्यावर, धुराने कीड लागू नये म्हणून. लग्नाच्या रांधपात चूल विझलीच नाही आणि मुडा उतरवायचं तू विसरलीस. बाबाने दाणा दाताखाली फोडून पाहिला.

"दाना त बेस आहे. पेरून टाक."

"बेस दिसतो," तू म्हणालीस, "पन जित्ता आहे का?"

मूठभर दाणे तू ओल्या फडक्यात बांधून ठेवलेस. रोपांसाठी राबाची जमीन भाजून तयार, आभाळ भरलेलं, बाबा चिडलेला. त्याचं ऐकून पेरलं असतं तर वर्षभर उपास होता. तू रोज फडकं सोडून बघायचीस. कोंब आला नाही, आंबूस वास मात्र आला. तू कोणाला काही न बोलता खोडाळ्याला मामाकडे चालत गेलीस आणि त्याच्या बियाण्यातलं भात डोक्यावर घेऊन आलीस. बाबा एवढंच म्हणाला, "भावापुढं हात पसरला." ते तुला फार लागलं. त्या बियाण्याचं आवण राबात चांगलं उगवलं, तरी तू पावसाळाभर बाबाशी जेवढ्यास तेवढंच बोललीस.

त्या मेलेल्या मुड्याचं काय झालं ते मात्र मला नीट आठवतं. एरवी श्रावणात आपल्याकडे कडू कंद उकडायचे आणि नागलीची पातळ आंबील, तीही पुरवून. बियाण्याला हात लावायचा नाही, पोरं रडली तरी. त्या श्रावणात तू ते भात कांडलंस. भाताला धुराचा वास होता आणि तो मला अजून सगळ्यात चांगला वाटतो.

तुला वाचता येत नव्हतं, आणि आता तूच नाहीस, म्हणून हा कागद कुठे जायचा नाही. एकच लिहायचं होतं. मुड्यातलं बियाणं मेलं याचा मला आनंद झाला होता. वाढताना तुझे डोळे भरले होते, ते मी पाहिलं, आणि ताट पुढे करून आणखी भात मागितला.