सदतीस अंशांचं रान

५ मे, चुडावा

पोचले एकदाची! परभणीहून पॅसेंजर धरली आणि चुडाव्याला उतरले, तर फलाटावर मी, अवजारांचे दोन डाग आणि एक शेळी. शेळीने नकाशाची गुंडाळी चावून स्वागत केलं.

जन्म कोकणातला, शिक्षणही तिकडचंच, दापोलीचं. आजवर हात लागले ते तांबड्या मातीला. इथे नजर जाईल तिथवर काळं रान आणि त्यावर उन्हाने पाडलेल्या भेगा, कोपरापर्यंत हात जाईल एवढ्या. मला तर जत्रेत आल्यासारखं झालं.

तालुक्यातल्या जमिनींची ओळख लावायचं काम आहे. आई अजून विचारते, मातीची ओळख ती काय लावायची, माती ती मातीच. तिला सांगते, तीन ठिकाणी विचारपूस करावी लागते. खड्डा खणून थर बघायचे. प्रयोगशाळेत तिच्या पोटात काय आहे ते काढायचं. आणि ती कुठल्या उतारावर, किती पावसात, किती उन्हात वाढली ते तपासायचं. तिन्ही जबान्या जुळल्या की माती कोण ते कळतं.

खोली मिळाली त्रिवेणीवहिनींच्या घरी. वयाने माझ्याहून थोड्या मोठ्या, कपाळाला विभूती, बोलणं एक घाव दोन तुकडे. येसराची आमटी वाढता वाढता त्यांनीच विषय काढला. नवरा महांतेश गेल्या उन्हाळ्यात रानात गेला तो परतलाच नाही. गाव म्हणतं, कुणा बाईच्या नादाने हैदराबादेकडे पळाला. "पळायचा न्हाई त्यो," वहिनी म्हणाल्या. "रानातच हाय. तुमी समद्यांच्या रानात खड्डे खंदायलेत नं? माज्याबी रानात खंदा."

मी हो म्हटलं. त्या बाजूचा नमुना हवाच होता.

८ मे

खणायला गावातले मुंजाजी मिळाले. हाताला जोर भरपूर, तोंडाला विसावा नाही.

आधी शेजारच्या पंडित यांचं रान केलं. पुस्तकातलं चित्रच! वर भुसभुशीत, खाली काळा घट्ट थर, त्याखाली चुनखडीचे पांढरे खडे, तळाला मुरूम. आम्लाचा थेंब टाकला की फसफसून यायचं. ओली माती चिमटीत दाबली तर रिबिनीसारखी लांबत गेली. मी खड्ड्यातच गाणं म्हटलं.

मग बांधापलीकडे, नदीच्या अंगाला, वहिनींचं रान. तोच पाऊस, तोच उतार, तोच खडक, म्हणजे माती तीच हवी. तशी ती नाही. मुंजाजींचं डोकं दिसेनासं होईतो खणलं, तरी ना चुनखडी ना मुरूम. नुसतं काळं.

काळी माती उन्हाळ्यात आकसते, भेगांतून वरची माती पोटात घेते, पावसात फुगते आणि खालचं वर ढकलते. या हलण्याने आतले थर एकमेकांवर घासतात आणि त्यांच्यावर आरशासारखी चकाकी येते, घासल्याच्या रेषा उमटतात. पंडितांच्या खड्ड्यात असे तुकडे वाटेल त्या दिशेला कललेले होते. इथे सगळ्या रेषा एकाच दिशेला. खाली. या जमिनीला घेणं ठाऊक आहे, परत देणं नाही, असं काहीतरी मनात आलं. हसू आलं स्वतःचं. बाकी दिवस मजेत गेला, आणि कैऱ्या मिळाल्या.

१३ मे

प्रयोगशाळेतून पहिले आकडे आले. पंडितांची माती अपेक्षेप्रमाणे. वहिनींच्या मातीत तळाशी सेंद्रिय कर्ब वरच्यापेक्षा जास्त. उलटं असायला हवं, पालापाचोळा वर कुजतो. स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, तर इतका, की तपासणाऱ्या मुलीने फोन करून विचारलं, मॅडम, हाडांचा चुरा टाकतात का तिथे? वहिनींनी कधी शेणखताशिवाय काही टाकलेलं नाही.

त्याहून विचित्र गोष्ट तापमानाची. खोलातली माती वरचं ऊन मनावर घेत नाही. परभणीकडे तिथे सत्तावीस-अठ्ठावीस अंश निघतात, फार तर तीस. पंडितांकडे तेच निघाले. वहिनींच्या खड्ड्याच्या तळाशी सदतीस. तापमापक बदलला. सदतीस. पहाटे जाऊन पाहिलं, भर दुपारी पाहिलं. सदतीस.

मग तोच तापमापक पुसून स्वतःच्या काखेत धरला, बरोबर दाखवतो का ते बघायला.

बरोबर दाखवतो.

१४ मे

बन्सीधर सरांचा फोन. आमच्या प्रकल्पाचे प्रमुख. त्यांचं म्हणणं, एखादा नमुना बिघडतो, तो गाळायचा आणि पुढे जायचं. तेवढ्या पट्ट्याला पंडितांच्या मातीचंच नाव लाव, कोण बघायला येतंय.

मी म्हटलं, गाळणार नाही. पाऊस, उतार, खडक जुळतात आणि माती जुळत नाही, तर तिच्यात काहीतरी सांगण्यासारखं आहे. सर म्हणाले, ऊन लागलंय तुला, परत ये. मी म्हटलं, ओळख लावल्याशिवाय येणार नाही. फोन मीच आधी ठेवला. पहिल्यांदाच सरांना नाही म्हटलं. झोप छान लागेल.

१७ मे

साधी परीक्षा ठरवली. काळ्या मातीला पाणी पाजलं की ती फुगते आणि भेग मिटते. विहिरीवरची मोटर चालू केली आणि पाइप भेगेत सोडला.

पंडितांकडे बघता बघता भेग मिटली.

वहिनींकडे पाणी आत जात राहिलं. भरेना. मग भेग रुंदावली. पाण्याने! आणि काठाची माती आत पडली नाही, ओठ ओढून घ्यावेत तशी आत वळली. आतून उबदार वारा आला, तोंडावर. वास कशाचा ते लिहीत नाही.

मुंजाजींनी फावडं टाकलं. "मॅडम, ही जमीन तहानलेली न्हाई, भुकेली हाय. मी उद्यापासून येत न्हाई," म्हणाले आणि चपला हातात घेऊन बांधापर्यंत पळाले. मला भीती वाटली. ती वाटली हे लिहून ठेवते, म्हणजे नंतर लपवायला नको. पण वहिनी जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी भेगेत वाकून हाक मारली. नवऱ्याचं नाव घेऊन.

१९ मे

आता मी आणि वहिनी, दोघीच. त्या खणतात, मी माती काढते. आज भिंतीतला एक चकाकता तुकडा सुटा केला तर त्यामागे चांदी चमकली. लिंगाची डबी. गळ्यात घालतात ती, दोऱ्यासकट. दोरा तुटलेला नाही.

वहिनींनी ती पदराने पुसली, उघडली, आतलं लिंग कपाळाला लावलं. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "पळून जानारा मानूस ह्ये उतरून ठिवंल व्हय?"

तशाच उठल्या. मातीने माखलेल्या, महादेवाच्या देवळासमोर पारावर बसलेल्या माणसांपुढे गेल्या. डबी तळहातावर धरून सगळ्यांना दाखवली. एक जण म्हणाला, तूच पुरली असशील. त्यांचा दीर वीरभद्र तिथेच होता. त्याने डबीकडे बघितलंच नाही. वहिनी त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या, तर तो उठून गेला.

ठाण्यात गेलो. हसले नाहीत, पण खुर्चीतून उठलेही नाहीत. पावसाळ्यानंतर बघू म्हणाले. पावसाळ्यानंतर! एका पावसात खड्डा बुजेल. बुजू द्यायचा नाही. मुळीच नाही.

२१ मे

खड्डा अरुंद झालाय. परवा दोघी आरामात मावत होतो, आज माझे दोन्ही कोपर भिंतींना लागतात. शिडीचा खालचा भाग मातीत गेलाय, ओढून निघत नाही. भिंत हाताला ऊन लागते. पाठ टेकली तर हळूच दबते आणि परत भरते. दबते, भरते.

दुपारी वीरभद्र आला. बांधावर थांबला, खाली पाय टाकेना. मी वर आले. वहिनी बाभळीखाली भाकरी सोडत होत्या. तो माझ्याशी बोलला, पण ऐकवायचं त्यांना होतं.

"भाऊ कमरेपत्तोर गेल्ता, मॅडम. मला हाक मारली. मी हात दिला, वढायलो बी. मंग माज्या पायाखाली भेग आली. मी हात सोडला. म्हनलं, पळून गेला म्हनावं. दुसरं काय सांगनार व्हतो?"

वहिनींनी भाकरी फडक्यात परत बांधली. त्या ओरडतील, दगड मारतील असं वाटलं. त्या म्हणाल्या, "वरीस झालं लोकं माज्या तोंडावर थुकायलेत. आता ह्येच पारावर जाऊन सांगा."

तो नाही म्हणाला. लोक काय म्हणतील. रान बुजवून टाका म्हणाला, काटे लावा, विसरा.

"मग आमी काढू त्याला," वहिनी म्हणाल्या. "तुमी बांधावर उबं ऱ्हावा."

२२ मे

सरांनी प्रकल्पातून काढल्याचं कळवलं. बरं झालं. आता कुणाला विचारायला नको.

गाव समोरून येताना रस्ता बदलतं. रात्रीत कुणीतरी दारावर काटे टाकून गेलं. वहिनींनी ते चुलीत घातले आणि त्यावर चहा केला.

उद्या शेवटचं खणायचं. तळातून हाड मिळालं, एक जरी, तरी ठाण्याला उठावं लागेल आणि गावाला मान खाली घालावी लागेल. वहिनी म्हणाल्या, ताई, तुमी नका उतरू, तुमचं काय अडलंय. मी म्हटलं, तुम्हाला खड्ड्याच्या आतलं वाचता येत नाही, मला येतं. शिवाय मला एखाद्या मातीने हाकललं असं दापोलीत कळलं तर तोंड दाखवायची सोय नाही. त्या हसल्या. मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

भीती आहे. पण ती कोपऱ्यात बसून आहे. बसू दे.

२३ मे

लिहायला हात मोकळे आहेत, म्हणून लिहितेय. वही खिशात होती.

सकाळी उतरले. कमरेला दोर, दुसरं टोक बाभळीला, वहिनी वर. तळाला पहार मारली — पहार गेली. हातातून ओढून नेली. मग डावा पाय गुडघ्यापर्यंत. मग उजवा. चिखल नाही. कोरडी माती, आणि तरी —

वहिनींनी ओढलं. दोर ताणला, मी हलले नाही. एकट्या बाईने निघायची नाही मी. म्हटलं, वीरभद्रला आणा. नाही म्हणाल्या, तुमाला सोडून जात न्हाई. मी ओरडले त्यांच्यावर. गेल्या. अनवाणी पळताना पाय वाजत होते, मग ते वाजणंही नाही.

मांड्यांपर्यंत.

भिंती जवळ येतात. मागे जातात. परत येतात, थोड्या अधिक. घाई नाही तिला.

बघ. मी तुझी ओळख लावतेय. ऐक. रंग काळा, ओली असताना अधिक काळा. पोत चिकण. चुनखडी नाही. भेगा पाण्याने मिटत नाहीत. तळाशी तापमान सदतीस. पाऊस, उतार, खडक शेजारच्यासारखे. शेजारची माती पीक देते. तू —

कमरेपर्यंत. दोर मातीत गेला.

तू माणसं घेतेस. एवढं लिहिलं की तुला कुणी गाळू शकणार नाही. वही वर फेकेन. जमेल तेवढ्या जोरात. आधी हे पुरं —

आवाज येतोय. वहिनींचा. शिव्या देतायत कुणाला तरी, पारावर ऐकू जातील अशा. "उतर! उतर म्हन्ते बांधावरनं! यंदा तरी उतर!"

पुरुषाच्या रडण्याचा आवाज. जवळ येतोय. जवळ — उतरला तो. माती पडतेय वरून. त्याच्या पायाने.

छाती दाबली जातेय. श्वास लहान लहान. अजून वर आहे डोकं. अजून हात —

खाली काहीतरी आहे.

पायाखाली. दगड नाही. गोल, टणक, त्यावर कापड. खांदा. माणसाचा खांदा आहे. मी उभी आहे त्यावर. आणि तो हलतोय, तो खाली नाही ओढत, तो मला वर ढक—