तिखट टाकण्याआधीची वाटी

धुळे,
७ एप्रिल १९९१

ती. अक्कास,

जीवरामचा साष्टांग नमस्कार. चोपड्याला सगळे बरे असतील. भावजींची केळी यंदा चांगली आली असं कळलं. आम्हीही मजेत आहोत. सुनंदाला डिसेंबरमध्ये शाळेत नोकरी लागली. माझी एस.टी. डेपोत दुपारची ड्यूटी, त्यामुळे सकाळभर सोनल माझ्या ताब्यात असते, म्हणजे मी तिच्या.

पोरगी दीड वर्षाची झाली, पण जेवणाच्या नावाने बोंब. डिसेंबरपासून वजन हललंच नव्हतं. मी वाटी घेऊन घरभर तिच्यामागे पळायचो आणि तोंडात गेलेला घास ती माझ्या इस्त्रीच्या शर्टावर परत करायची. खरं सांगतो, मी घाबरलो होतो.

आमच्या कॉलनीत उन्हाळ्याच्या वाळवणाचे ज्वारीचे बिबडे बायका मिळून करतात, आज हिच्या गच्चीवर, उद्या तिच्या. थापताना विषय एकच, कोणाचं पोर काय खात नाही. तीन आठवड्यांपूर्वी मीही सोनलला घेऊन वर गेलो. सगळ्या पदर तोंडाला लावून हसल्या. शेजारच्या इंदिराबाई म्हणाल्या, "इचारनं व्हई ते इचार भाऊ, पन आठे हात रिकामा ठिसन कोनी बसत नही." बसलो मग पँट दुमडून. माझे बिबडे पाहून पलीकडे थापत बसलेल्या भिकुबाईंनी विचारलं, हे कोणत्या देशाचे नकाशे.

इंदिराबाईंनी तिखट-लसूण टाकण्याआधी शिजलेल्या ज्वारीचा वाटीभर घाटा बाजूला काढला, त्यावर तेल सोडलं आणि निवल्यावर सोनलसमोर ठेवला. मी भरवायला गेलो तर हातावर चापट बसली. "लेकरूना मांगे पयू नको. तू थाप. भूक लागी तवय ती खाई."

सोनलने बाकीच्या पोरांकडे पाहिलं. मग अख्खा हात वाटीत घातला. निम्मा घाटा पोटात गेला, निम्मा केसांत. आता ती रोज आपल्या हाताने जेवते आणि काल वजन पाव किलोने वाढलेलं निघालं. सुनंदाने तो वजनाचा कागद देव्हाऱ्यात ठेवलाय.

पत्र इथेच संपवणार होतो. पण त्या दिवशी इंदिराबाईंनी आणखी एक विचारलं होतं, "तुना घर हाई सांगनारं कोनीच नही का?"

मी म्हणालो, घरात हे सांगणारं कोणीच नाही.

अक्का, गेल्या एप्रिलमध्ये सोनलच्या उष्टावणाला तू भिजवून कांडलेली ज्वारी चोपड्याहून आणलीस आणि सकाळी उठून घाटा केलास. तिखट टाकण्याआधीचाच. सासरची माणसं बसली होती, मला लाज वाटली. "हे गावाकडचं नको," म्हणत मी तुझी वाटी मोरीत उपडी केली. तू ती स्वतः धुतलीस, फळीवर ठेवलीस आणि दुपारच्या गाडीने गेलीस. वर्षभर तुझं पत्र नाही, आणि मी वाट पाहत बसलो तुझ्याच पत्राची.

काल इंदिराबाईंना खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "लिख तिले."

आमच्या घरच्या बिबड्यांची पाळी मी सगळ्यात शेवटी मागून घेतली आहे. ज्वारी आणली, पण भिजत घातलेली नाही. ती तू घालायची. तीन दिवस भिजते, तेवढं तरी तुला राहावं लागेल. तिखट टाकण्याआधी दोन वाट्या बाजूला काढ. एक सोनलची. दुसरी मला दे, सगळ्यांसमोर.

तुझी वाटी अजून फळीवरच आहे.

तुझा चुकलेला भाऊ,
जीवराम