बाबांनी बुडवलेली जाळी

११ जानेवारी

प्रिय दादा,

थोरल्यांना पत्राच्या सुरुवातीला काय काय लिहायचं असतं ते मी विसरले. तेव्हा पाया पडले असं समज. आईचे गुडघे कसे आहेत? वहिनीला सांग, तिने विणलेला स्वेटर मला बसतो, फक्त श्वास घेतला नाही तर. इथे सगळं ठीक. खोलीतला नळ पुन्हा गळतोय आणि घरमालक पुन्हा 'उद्या बघतो' म्हणतोय.

हे फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर तू 'हं, हं' करतोस आणि विषय बदलतोस. खरं तर मीही बदलते.

प्रयोगशाळेत सध्या मी माशांची पोटं फाडते. घरी ज्या कामाला नाक मुरडायचे, त्याचाच पगार घेते, हस तू. पोटातलं सगळं रसायनात विरघळवायचं, गाळायचं आणि उरेल ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. उरतं ते प्लास्टिक. पिशव्यांचे कण, धुतलेल्या कपड्यांचे धागे. नदीभर आहे. माशाला ते खाणं वाटतं. पोट भरतं, पण अंगी काही लागत नाही. मग अंडी कमी, पिल्लं कमी. तो मासा बगळ्याने खाल्ला की तेच बगळ्याच्या पोटात. माणसाला नेमकं काय होतं, ते अजून कुणी छातीठोकपणे सांगत नाही.

मागच्या पत्रात तू लिहिलंस, डोहातले मासे पोटाला फुगलेले नि पाठीला वाळलेले निघतात, म्हणून यंदा तू जाळ्यांचे आणखी गठ्ठे पाण्यात सोडलेस. ते वाचलं आणि हे पत्र लिहायला बसले.

तपासणीला आलेल्या आपल्या डोहातल्या माशांत हिरवे धागे निघाले, आणि त्यांच्यात नारिंगी. सरांनी विचारलं, "हे कुठल्या कापडाचं?" मी म्हटलं, "माहीत नाही." माहीत होतं. आपलं जाळं दुसऱ्याच्या जाळ्यात मिसळू नये म्हणून हिरव्यात नारिंगी दोरा फक्त बाबाच विणायचे. त्यांच्या जाळ्याचा एक तुकडा माझ्याकडे आहे, त्यात मी कांदे ठेवते. त्यातला धागा काढून यंत्रावर तपासला. तोच निघाला.

बाबांनी फाटकं जाळं कधी उकिरड्यावर टाकलं नाही. दगडाला गुंडाळून डोहात सोडायचे, पिल्लांना मोठ्या माशांपासून लपायला जागा म्हणून. 'आपलं पाळणाघर' म्हणायचे. ते गेल्यावर तूही तेच करत आलास. ते नायलॉन खाली झिजतंय, दादा. त्याचा भुगा होतोय, आणि तिथे लपलेली पिल्लं तोच आधी खातात.

अहवाल पुढच्या आठवड्यात जाईल. त्यात डोहाचं नाव आहे. सरांना मी नंतर खरं सांगितलं. ते म्हणाले, "तुमच्या घरचा प्रश्न आहे, नाव गाळू का?" मी नको म्हटलं. आता गिऱ्हाइकं तुटतील, लोक बोलतील, आणि ते तुला ऐकावं लागेल, मला नाही. रागाव माझ्यावर, तुझा हक्क आहे. फक्त हे तुला बाजारात दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये, एवढंच मला वाटलं.

गठ्ठे दोरीने ओढू नकोस, चुरा होऊन पसरेल. खाली जाऊन गोणपाटात भरून वर आणू. प्लास्टिकच्या पोत्यात नव्हे, बाबा रे! शनिवारी मी येतेय, पाण्यात मीही उतरेन. तोवर डोहातले बारके मासे अख्खे तळून तुझ्या छकुलीला देऊ नकोस. आईला मी सांगेन. तू तिच्याशी काही बोलू नकोस.

बाबा चुकले नाहीत, असं लिहून बघितलं. जमेना. चुकले ते, दादा. मासे जगावेत म्हणून चुकले. आज ते असते, तर हे पत्र अर्धं वाचूनच डोहाकडे निघाले असते.

त्यांचीच,
आणि तू मानलंस तर तुझीही,
धाकटी