डबा रिकामा परत येऊ नये

नाशिक
११ ऑगस्ट २०२५

ती. स्व. दादास,
शैलाचा कृ. सा. न. वि. वि.

राखीपौर्णिमेला तू येऊन गेलास आणि घर अजून भरल्यासारखं वाटतंय. राखी बांधून घेताना तू तुझा उजवा हात डाव्या हाताने उचलून माझ्यापुढे ठेवलास, दुकानदाराने माप ठेवावं तसा. मी तेव्हा चेष्टा केली, पण तू गेल्यावर देवापाशी जरा बसले. असो.

आता तक्रार. माझी लेक आणि तुझी थेरपिस्ट, चि. तेजू, म्हणते की मामासारखा लबाड पेशंट तिच्या दवाखान्यात दुसरा नाही. पंधरा दिवसांतून एकदा तिच्यापुढे बसून गुणी बाळासारखे हाताचे व्यायाम करतोस आणि मनमाडला गेलास की हात खिशात. तिने फोनवर व्यायाम पाठवले होते, एकेक करून झाला की खूण करायची. सोमवारी सकाळी चहा संपायच्या आत तू सबंध आठवड्याच्या खुणा करून मोकळा! तेजू म्हणाली, एवढ्या वेगाने पंचवटी एक्सप्रेससुद्धा जात नाही.

हसण्यावारी नेऊ नकोस. तिचे बरेच पेशंट असेच करतात आणि मग यायचेच बंद होतात. ती म्हणते, माझ्यासमोरच्या तासात हात बरा होत नाही, तो बरा होतो मधल्या दिवसांत, घरी. आणि तुझ्या आल्हादने तर सांगूनच टाकलंय, दिवाळीला येईन तेव्हा बाबांनी स्वतः गॅस पेटवून मला चहा करून द्यावा, नाहीतर सामान बांधून बंगळूरला चला. मुलगा चुकीचं बोलत नाही रे. अर्धांगाचा झटका आला तेव्हा घरात तू एकटा होतास.

तुझ्या पिशवीत आईचा कडीचा डबा ठेवलाय, तो आता सापडला असेल. त्यात भुईमुगाच्या ओल्या शेंगा आहेत. उजव्या हाताने सोलायच्या. डबा रिकामा परत करायचा नसतो, हे तुला मी सांगायला नको. आपल्या रेल्वे क्वार्टर्समध्ये हा डबा कधी घरी थांबला का? चकल्या घेऊन परेराबाईंकडे जायचा आणि नाताळात त्यांची गोड, तळलेली कलकलं घेऊन यायचा.

आणि हो, यापुढे मी तुझा फोन उचलणार नाही. पत्र लिही, आपल्या हाताने.

तुझी माया आहेच, तिच्यात आता थोडी मेहनत मिळव.
शैला

---

मनमाड
२२ ऑगस्ट

चि. शैलास,
अनेक आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस म्हणून डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर कोंबडीचे पाय आहेत, वाचता आलं तर वाच. शेजारच्या यशोदाबाईंचा मुलगा संघर्ष ड्यूटीला नाशिकरोडला येतो, त्याच्याबरोबर डबा पाठवला. सगळे दाणे सोललेले आहेत. आता तरी मायलेकींनी समाधान मानावं. तेजूला म्हणावं, मामा लबाड नाही.

आशीर्वाद आहेतच, शिव्या जपून दे.
दादा

---

नाशिक
१ सप्टेंबर

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

दाणे मिळाले. काय देखणे दाणे! एकही फुटलेला नाही, एकालाही नख लागलेलं नाही. तिथेच तू सापडलास. तुझ्या हाताने सोलले असतेस तर निम्मे चेंगरून आले असते.

संघर्षला विचारलं तर तो बूट घालण्यात गुंग झाला. मग यशोदाबाईंनाच फोन लावला. त्या बिचाऱ्या घाबरल्याच. म्हणाल्या, दादांनी शेंगांचा ढीग पुढ्यात आनून ठेवला अन् म्हनले तुमच्या हाताला सवय हाय, मला काय ठावं ते औषध हाय म्हनून! आता त्यांनी शपथ घेतलीय की तुझ्या घरात मांडीवरचा हात उचलायचा नाही.

तुला आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर अ‍ॅग्नेस आठवतात? शिवणाच्या तासाला मी एकदा आईने शिवलेला रुमाल माझा म्हणून पुढे केला होता. त्यांनी सगळे सुंदर टाके उसवले आणि सुई माझ्या हातात दिली. मग मी घातलेले टाके पाहून परेराबाईंची लिली पोट धरून हसली, पण सिस्टरनी तोच रुमाल फळ्याशेजारी लावला. मला तेव्हा त्या दुष्ट वाटल्या होत्या. आता त्यांच्याच खुर्चीत बसलेय असं वाटतं.

डबा परत पाठवतेय, त्यात कापूस आहे. नवरात्राला माझ्या देवघरात तुझ्या हातच्या वाती हव्यात. सरळ आल्या तर परत करीन.

रागावलास तरी चालेल, पण लिही.
शैला

---

मनमाड
१७ सप्टेंबर

चि. शैलास,
अनेक आशीर्वाद.

या वेळी तेजूकडे आलो नाही, त्याचं कारण फोनवर तिला पोट बिघडल्याचं सांगितलं. पोट उत्तम आहे.

शैले, याच हाताने मी केबिनमध्ये सिग्नलचे लिव्हर ओढले. जंक्शनवरची प्रत्येक गाडी या हाताला विचारून पुढे जायची. आता सदऱ्याचं बटण म्हणतं, जात नाही जा. तुझ्या दवाखान्यात, म्हणजे तेजूच्या, समोर आरसा आहे. ज्या पोरीला या हातावर झोपवलं ती माझी बोटं धरून एकेक उघडते आणि म्हणते, शाब्बास मामा. ते शाब्बास मला सोसत नाही. म्हणून घरीही करत नव्हतो. केलं आणि जमलं नाही, तर मग काय उरलं? न करता बसलं की निदान वाटतं, केलं असतं तर जमलं असतं.

बंगळूरला आल्हादचं घर चौदाव्या मजल्यावर आहे. सगळं छान आहे तिथे. पण इथे डोळे मिटून पडलो तरी मला कळतं, मालगाडी आली की पॅसेंजर. तिथे मला काय कळणार?

कापूस पाहून आधी चिडलो. चार दिवस डबा कपाटावर होता. मग तो मला तिथून बघायला लागला. काल खाली काढला. पहिल्यांदा कापूस उडून पंख्यात गेला. यशोदाबाई समोर बसल्या होत्या, हात पदराखाली. म्हटलं निदान एक वळून दाखवा. तर म्हणाल्या, आम्ही बुद्धांपुढं मेनबत्ती लावतो, वाती तुमच्या तुम्ही वळा. बाई मोठी पक्की! बोटाला दूध लावून बघा, एवढंच सांगितलं. लावलं. एक वात झाली. माझी तिच्याकडे बघून हसू की रडू अशी गत झाली. ती अळीसारखी दिसते.

तेजूला यातलं हवं तेवढंच सांग.

आशीर्वाद नेहमीचे, आज थोडे ओलसर.
दादा

---

नाशिक
३ ऑक्टोबर

ती. मामास,
तेजश्रीचा सा. न. वि. वि.

आईने मला सगळंच सांगितलं, ती कसली थांबते! आरसा झाकलाय. शाब्बास म्हणणंही बंद केलंय, आता सगळ्यांना नुसतं बरं म्हणते.

तुझ्या वाती नऊ दिवस जळल्या. एक अंगठ्याएवढी जाड होती, ती आईने अष्टमीला मुद्दाम लावली आणि येईल त्या बाईला दाखवली, माझ्या भावाने वळलीय म्हणून. ज्योत जरा तिरकी होती. आई म्हणे ती मनमाडकडे बघतेय.

आता माझी बातमी ऐक. मी स्टीलचे छोटे डबे आणले. पेशंट निघाला की त्याच्या हाताला झेपेल असं काहीतरी त्यात घालून देते. कुणाला निवडायला मेथी, कुणाला ओवायला मणी. फोनवरची खूण खोटी करता येते, डबा खोटा करता येत नाही. (येतो, पण मग मी दाणे बघते.) कळवणच्या लताबाई दोनदा येऊन गायब झाल्या होत्या. मी संघर्षसारखा माणूस शोधून त्यांच्याकडे डबा पोचवला. पुढच्या आठवड्यात दारात हजर! म्हणाल्या, सासूबाई रोज विचारत होत्या, लोकाचा डबा घरात किती दिवस ठेवायचा, अन् रिकामा कसा न्यायचा. त्यांनी ज्वारीची छोटी भाकरी थापून आणली होती, एका बाजूने नकाशासारखी. आम्ही सगळ्यांनी तुकडा तुकडा खाल्ला. त्या भाकरीवर मला दिसत होतं कुठलं बोट जागं झालंय.

शनिवारी ये. आई बेसन देणार आहे, काय करायचं ते तुला कळेलच.

लाड पूर्वीसारखेच हवेत, पण व्यायाम जास्त.
तुझी तेजू

---

मनमाड
२६ ऑक्टोबर

चि. शैलास,
अनेक आशीर्वाद.

अक्षर बघितलंस? उजव्या हाताचं आहे. ओळ चढाला लागलेली गाडी वाटते, पण चालतेय.

भाऊबीजेला तुझ्याकडे आल्हाद बरोबर होता, म्हणून खरं काय घडलं ते सांगता आलं नाही. आला त्या सकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, परीक्षक आल्यासारखा. गॅसचं बटण पहिल्यांदा निसटलं. दुसऱ्यांदाही. त्याने पाऊल पुढे टाकलं तोच मागून यशोदाबाई म्हणाल्या, आल्हाद, हात मांडीवर! पोरगा खाली बसला, शैले, सांगितल्यासारखा मांडी घालून. मग पेटला गॅस. चहा झाला. कप नेताना हात हलला आणि अर्धा बशीत सांडला. माझं तोंड उतरलं. आल्हादने आधी बशीतला प्यायला, आवाज करून, लहानपणी प्यायचा तसा. बंगळूरचं नाव मग कुणी काढलं नाही.

लाडू तू खाल्लेसच. एकही गोल नव्हता.

काल तो निघाला. आईचा डबा मी त्याच्या बॅगेत घातला, उरलेल्या लाडवांसकट. तेव्हा तुला तो काही दिवस मिळणार नाही. त्याला सांगितलं, रिकामा परत करायचा नाही, विकतचं घालायचं नाही आणि कुरियरने पाठवायचा नाही. तो म्हणाला, बाबा, हे तुम्ही तेजूकडून शिकलात. म्हटलं, माझ्या आईकडून.

आशीर्वाद आता दोन्ही हातांनी.
दादा

---

नाशिक
८ नोव्हेंबर

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

फोन न उचलण्याचा नियम तुझ्यापुरता आहे, म्हणून आल्हादचा उचलला. डबा त्याच्या ओट्यावर बसून त्याच्याकडे बघतोय म्हणे. बेसन त्याने दोनदा करपवलं. मग हळूच विचारलं, आत्या, इथल्या चांगल्या दुकानातला मैसूरपाक घातला तर बाबांना कळेल का? मी म्हटलं, ते यशोदाबाईंना विचार. तो लगेच म्हणाला, नको नको, करतो.

संक्रांतीला येतोय, तिकीट काढलंय. तिळाचे लाडू वळायला आत्तापासून शिकणार आहे. पाक हाताला चटके देतो, असं रडत होता. वर विचारतो, वेडेवाकडे झाले तर?

मी सांगितलं, तसेच आण. तुझ्या हातचे आहेत, हे तुझे बाबा बघताक्षणी ओळखतील.

संक्रांतीला मीही येतेय. तुझ्या हातचा चहा घेईन, बशीतला आधी.
शैला